ओटीच्या कापडाचा झगा

"मी बदलणार नाही," चिहिरो म्हणाली.

रविवारचे संध्याकाळचे पाच वाजले होते. तोक्योतल्या हाराजुकू स्टेशनच्या बायकांच्या टॉयलेटमध्ये आम्ही दोघी उभ्या होतो आणि तिची कापडी पिशवी माझ्या हातात होती. पिशवीत तिचा निळा स्कर्ट, पांढरा शर्ट आणि सपाट बूट. आरशापुढं आठदहा पोरी ओळीनं उभ्या राहून तोंडं पुसत होत्या. गालांवर चिकटवलेले तारे निघत होते, केसांतल्या रंगीत क्लिपा डब्यात पडत होत्या, वीतभर उंच तळाचे बूट पिशवीत जात होते. आत शिरलेली राणी बाहेर येताना शाळेतली पोर होऊन येत होती. दर रविवारी हे असंच चालायचं. सकाळी घरून नाकासमोर चालणाऱ्या मुलीसारखं निघायचं, इथं येऊन नटायचं, दिवसभर रस्त्यावर मिरवायचं आणि संध्याकाळी पुन्हा इथंच सगळं उतरवून घरी जायचं. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, तशी ह्या पोरींची सगळी हौस एका पिशवीत.

"बदलणार नाही म्हणजे?"

"असंच घरी जाणार."

"आणि आई?"

"आईलाच दाखवायचंय."

खरं सांगते, काळजी तिची नव्हती वाटली, माझी वाटली. तिची आई माझी मालकीण होती.

मी मूळची कराडची, शिंप्याची पोर. सरोज पतंगे. ह्यांच्या कंपनीनं ह्यांना जपानला पाठवलं आणि ह्यांच्यामागं मी गेले. तोक्योच्या उत्तरेला उरावा म्हणून गाव आहे, तिथं आम्ही राहायचो. हे सकाळी सातला जे जायचे ते माझे डोळे मिटायला आले की उगवायचे. वर्षभर मी भिंतींशी बोलले. शेवटी बाजारात एक कपडे दुरुस्तीचं दुकान दिसलं, तिथं जाऊन उभी राहिले आणि मोडक्यातोडक्या जपानीत म्हणाले, "शिवता येतं." मालकीणबाईंनी एक विजार पुढं टाकली. मी तिची खालची पट्टी हातानं घालून दिली. बाईंनी ती उजेडाला धरून बघितली आणि म्हणाल्या, "उद्या नऊला."

त्या त्सुकादाबाई. पस्तिशीच्या, काडीसारख्या, नवरा कधीच सोडून गेलेला. बाईंचा हात सोन्याचा होता आणि जीभ कात्रीची. चिहिरो त्यांची एकुलती एक, सोळा वर्षांची. वर्षभरापूर्वी तिनं शाळेत जाणं बंद केलं होतं. का, ते कुणाला कळलं नाही, तिलाही सांगता यायचं नाही. सकाळी गणवेश घालून दारापर्यंत यायची आणि पाय पुढं पडायचा नाही. त्याआधी पियानो अर्धा सुटला होता, टेनिस अर्धं सुटलं होतं. बाई तिच्या तोंडावर, माझ्यासमोर म्हणायच्या, "ह्या पोरीनं आयुष्यात एक गोष्ट पुरी केलेली नाही." पोर खाली मान घालून आतल्या खोलीत जायची. दुकानात चार मशिनं होती, पण तिला एकालाही हात लावायची परवानगी नव्हती.

मी एकदा डबा खाताना विचारलं, "शिकवा की तिला शिवायला. हात चांगला आहे तिचा."

"माझी आई शिवत शिवत मेली," बाई म्हणाल्या. "मी शिवत मरेन. तिनं सुईला लागायचं नाही."

मग काय वाटलं कुणास ठाऊक, आपणहून बोलायला लागल्या. त्या स्वतः सतराव्या वर्षी हाराजुकूतच एका शिलाईच्या कारखान्यात कामाला होत्या. त्या काळी पोरं रविवारी रस्त्यावर टेपरेकॉर्डर ठेवायची आणि भोवती रिंगण धरून नाचायची. अंगात ढगळ, चमकत्या साटिनचे झगे, गुलाबी, जांभळे, हिरवे. खाली घोट्याशी आवळलेल्या विजारी, गळ्यात माळांचा ढीग. प्रत्येक टोळीचा रंग वेगळा. ते झगे बाईंच्या त्या कारखान्यात शिवले जायचे.

"तुम्ही गेलात कधी नाचायला?"

"रविवारी ती पोरं नाचायची, रविवारी आम्ही शिवायचो. खिडकीतून गाणी ऐकू यायची."

"एखादा झगा तरी अंगाला लावून बघितला असेल?"

"शिवणारीनं घालायचं नसतं, सरोजसान," बाई म्हणाल्या आणि डब्याला रुमाल बांधून उठल्या.

चिहिरोचं रविवारचं गुपित मला अपघातानं कळलं. फेब्रुवारीत एका रविवारी मी ह्यांच्याबरोबर हाराजुकूला गेले होते. तिथला एक मोठा रस्ता रविवारी गाड्यांना बंद असायचा आणि पोरापोरींनी फुललेला असायचा. आमच्याकडं जत्रेत बहुरूपी येतात, त्यांनी ह्या पोरांसमोर हात टेकले असते. एक पोरगी काळ्या लेसच्या झग्यात, हातात छत्री, जुन्या काळच्या गोऱ्या बाहुलीसारखी. एकीच्या केसांत मोजून तीस क्लिपा आणि मनगटापासून कोपरापर्यंत प्लास्टिकच्या बांगड्या. एकीनं आजीचा किमोनो आखूड करून जीन्सवर घातलेला. एक पोरगा चक्क परकरात, आणि शोभत होता हो त्याला! दुकानातून विकत घेतलेलं त्यात थोडंच होतं. जुन्या बाजारातलं, पेटीतलं, पडद्याचं, जे मिळेल ते उसवून ह्या पोरांनी स्वतःचं काहीतरी बनवलं होतं. आणि त्या घोळक्याच्या कडेला, साध्या स्कर्टात, एकटीच उभी होती आमची चिहिरो.

मला बघून पांढरीफटक पडली. "आईला सांगू नका."

"तू नटली नाहीस ती?"

"माझ्याकडं काही नाही. आणि शिवता येत नाही." मग हळूच म्हणाली, "मला विकतचं नकोय. त्या किमोनोवालीच्या अंगावरचं बघा, तिनं स्वतः केलंय. मला एकदा तसं पुरं करायचंय, आणि अंगावर घालून आईसमोर उभं राहायचंय."

मला राहवलं नाही. तिला घरी घेऊन गेले आणि माझी बॅग पलंगावर उलटी केली. सतरा ब्लाउजपीस पडले त्यातून. जपानला निघताना कराडातल्या झाडून सगळ्या आत्या, मावश्या, शेजारणींनी माझी ओटी भरली होती, त्याचे. मोरपंखी, डाळिंबी, राणी कलर, लिंबू, एक चट्ट्यापट्ट्याचा, आणि दोन अस्सल गुलेदगुडचे खण. आपल्याकडं ह्या कापडाचं काय होतं ते सगळ्या बायकांना माहिती आहे. आज माझ्याकडून तुझ्या ओटीत, उद्या तुझ्याकडून तिसरीच्या ओटीत. एकेक पीस दहादहा घरं फिरतो, शिवत कुणीच नाही.

हे तिला समजावून सांगताना माझी दमछाक झाली. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे हे इतक्या बायकांच्या घरी राहून आलंय, आणि अजून कुणीच घातलेलं नाही?"

"नाही."

"मग मी घालते."

बाईंना सांगितलं, की शनिवारी दुपारी मी चिहिरोला इंग्रजी शिकवते. बाई खूश झाल्या, मला फी देऊ लागल्या, ती मी कशीबशी नाकारली. चार महिने आमच्या घरात इंग्रजीचा एक शब्द उच्चारला गेला नाही. कापलं मी, कारण ऐंशी सेंटिमीटरचे तुकडे, एक वेडीवाकडी कात्री फिरली की संपलं. शिवलं तिनं, माझ्या मशिनवर. पहिल्या महिन्यात सरळ टीप घालता यायची नाही, तीन सुया मोडल्या. रडली. मी म्हटलं, "राहू दे गं आज." तर डोळे पुसून म्हणाली, "नाही, आज राहिलं की राहिलंच."

अशात जाहीर झालं, की तो रस्ता जूननंतर रविवारीही गाड्यांना खुला होणार. रविवारची ती जत्रा संपणार. चिहिरोनं शेवटच्या रविवारची तारीख भिंतीवर चिकटवली आणि त्याच्या आदल्या दिवशी शेवटचं बटण लावलं.

काय झालं होतं ते! खाली तीन मजली घेराचा बिनबाह्यांचा झगा, प्रत्येक मजला वेगळ्या रंगाचा, खणाच्या काठाची झालर. वर राणी रंगाचं आखूड जाकीट, त्याला फुग्याच्या बाह्या. शेवटच्या रविवारी ती रस्त्यावर उतरली आणि पोरी मागं वळून बघायला लागल्या. एक कॅमेरावाला आला, अशा पोरांचे फोटो मासिकात छापणारा. त्यानं अदबीनं विचारलं, फोटो काढू का? ती हसली नाही, लाजली नाही, पाय जुळवून सरळ उभी राहिली. त्यानं वही काढून विचारलं, "कपडे कुठल्या दुकानाचे?"

"मी शिवलेत," ती म्हणाली.

आणि आता संध्याकाळी पाच वाजता ती टॉयलेटमध्ये माझ्यासमोर उभी होती आणि बदलायला तयार नव्हती.

"अगं, आधी घरी जा, नीट बोल, मग दाखव," मी म्हटलं. "अशी दारात उभी राहिलीस तर आई काही ऐकून घेणार नाही."

"पिशवीतून काढून दाखवलं तर ते नुसतं कापड असेल."

"माझी नोकरी जाईल गं."

तिनं माझ्या हातातली पिशवी घेतली. "तुम्ही मागच्या गाडीनं या. तुमचं नाव मी काढणार नाही."

सोळा वर्षांची पोर मला वाट मोकळी करून देत होती. मला माझीच लाज वाटली. "गप," म्हटलं. "चल. बघू काय होतं ते."

अकाबानेला गाडी बदलली. लोक बघत होते आणि जपानी रीतीप्रमाणं बघत नाही असं दाखवत होते. उरावात उतरलो. बाजारातून चालताना तंबाखूच्या दुकानातले म्हातारे आजोबा उठून दारात आले. भाजीवाल्या बाईनं हातातली मुळ्याची जुडी तशीच धरली. इथं प्रत्येक जण तिला नावानं ओळखत होता. शाळा सोडलेली त्सुकादांची पोर. मी दोन पावलं मागं राहिले. ती मात्र एका लयीत चालत होती आणि प्रत्येकाला वाकून नमस्कार करत होती.

दुकानात बाई एकट्याच मशिनवर होत्या. दाराची घंटा वाजली. त्यांनी मान वर केली आणि मशिनवरचा पाय थांबला.

"आई," चिहिरो म्हणाली, "मी हे पुरं केलं."

बाई उठल्या. तिच्याभोवती एक फेरी मारली. चेहऱ्यावर काही म्हणजे काही नाही.

"कुणी शिवलं?"

"मी. एकटीनं."

एकटीनं, म्हणाली. माझं नाव काढणार नव्हती ना. मी दाराशी चोरासारखी उभी. बाई खाली बसल्या, झग्याची कड उचलली आणि उलटी करून आतली शिवण बघितली. बघतच राहिल्या. मग त्यांची नजर सावकाश माझ्याकडं वळली.

चूक माझी होती. जपानी शिवणीत आत कापड राखतात ते जेमतेम अर्धा इंच, बाकी छाटून टाकतात, म्हणजे शिवण सपाट बसते. आमच्या वडिलांनी मला शिकवलं होतं, की बाजूला दीड इंच माया ठेवायचीच. पोर वाढतं, कापड वाढत नाही. उद्या उसवून सैल करता आलं पाहिजे. ह्या एका सवयीवरून बाईंची मी दोन वर्षं बोलणी खाल्ली होती. त्यांच्यासमोर अर्धा इंच राखायचे. घरी, आपल्याच कापडावर, हात आपल्याच वळणावर गेला. दीड इंच. सतराच्या सतरा तुकड्यांना.

"सरोजसान," बाई म्हणाल्या, "हे तुमचं काम आहे."

ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं? "कापलंय मी," म्हटलं. "शिवण सगळी तिची आहे. इंग्रजी वगैरे काही नव्हतं. चार महिने ती माझ्याकडं शिवत होती."

"तुम्ही शिवलंत आणि तिला घातलंत."

"नाही हो बाई, देवाशपथ..."

"तिच्यावर दया आली म्हणून तुम्ही शिवून दिलंत. आणि ती दारात उभी राहून म्हणते, मी पुरं केलं." बाईंचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "शाळा सोडली, मी काही बोलले नाही. पण दुसऱ्याचं काम आपलं म्हणून सांगायचं?"

मी चिहिरोकडं बघितलं. मला वाटलं, आता ही मान खाली घालणार आणि आतल्या खोलीत जाणार. आणि एकदा गेली की पुन्हा बाहेर येणार नाही, ते मला दिसत होतं. पोरीनं आयुष्यात केलेली एकच गोष्ट माझ्या दीड इंचानं हिरावून घेतली होती.

तिनं जाकीट काढलं. उसवायचं हत्यार टेबलावर होतं, ते उचललं, आणि उजव्या बाहीच्या शिवणीत घातलं. टर्र टर्र करत टाके तुटले. बाही सुटून हातात आली. तिनं खांद्याचे तुटके धागे एकेक करून वेचले आणि सरळ जाऊन आईच्या खुर्चीवर, आईच्या मशिनवर बसली.

"ऊठ," बाई म्हणाल्या.

"बाही लावते आणि उठते."

"अर्धवट सोडशील."

तिनं दोऱ्याचं रीळ बदललं. सुईत दोरा जाईना. माझा हात आपोआप पुढं झाला.

"तुम्ही हात लावू नका," बाई माझ्यावर कडाडल्या. मी हात मागं घेतला आणि पदर नव्हता म्हणून ओढणीच घट्ट धरून उभी राहिले.

चौथ्यांदा दोरा गेला. तिनं बाहीला वरच्या कडेनं दोन कच्चे दोरे घातले, ओढून चुण्या केल्या, खांद्याला टाचण्या लावल्या. फुग्याची बाही लावणं म्हणजे नवशिक्याचं मरण. चुण्या एका बाजूला पळतात. पहिल्यांदा तिच्याही पळाल्या. बाई काही म्हणायच्या आत तिनंच बघितलं आणि उसवलं. दुसऱ्यांदा काखेत कापड अडकून शिवलं गेलं. पुन्हा उसवलं. बाहेर बाजारातली दुकानं बंद व्हायला लागली होती, शटरांचे आवाज येत होते. तिच्या नाकाच्या शेंड्यावर घाम होता आणि गालावरचा एक तारा सुटून मशिनवर पडला होता. मी मनात आमच्या खंडोबाला नवस बोलले. हसू नका, खरंच बोलले.

तिसऱ्यांदा तिनं मशीन वापरलंच नाही आधी. सुई घेऊन सगळी बाही हातानं कच्ची टाचली, बारीक बारीक टाक्यांनी, उलटीसुलटी करून बघितली, आणि मग मशिनखाली घेतली. सावकाश. चार इंच शिवायची, थांबायची, चुण्या सारख्या करायची, पुढं जायची. हे मी शिकवलं नव्हतं. हे तिनं आईच्या हाताकडं बघून उचललं होतं, इतकी वर्षं, आतल्या खोलीच्या दारातून. बाईंनाही ते कळलं असणार, कारण त्यांनी एकदम टेबलाची कड धरली.

शेवटचा टाका पडला. तिनं दोरा कापला, उठून उभी राहिली आणि जाकीट दोन्ही हातांनी आईपुढं धरलं.

बाईंनी खांदा उलटा केला. सुलटा केला. बोट आत घालून पूर्ण शिवणीवरून फिरवलं. डावी बाही आणि उजवी बाही शेजारी शेजारी ठेवून बघितल्या. किती वेळ बघितलं, देव जाणे. मग इस्त्री चालू केली, बाहीत मऊ गादी घातली आणि चुण्या न मोडता ती शिवण स्वतः दाबून दिली. मला दोन वर्षांत माझ्या कामावर त्यांनी स्वतः इस्त्री फिरवलेली आठवत नाही.

चिहिरो रडायला लागली. आवाज न करता, तोंडावर हात दाबून. बाईंनी तिच्याकडं बघितलं नाही, त्या माझ्याकडं वळल्या.

"शिवलंय तिनंच."

"हो."

"पण तुम्ही चार महिने माझ्यासमोर बसून डबा खाल्लात आणि खोटं बोललात."

"हो."

"उद्यापासून येऊ नका."

"आई!" चिहिरो म्हणाली. "सरोजसानचा काही..."

"तू गप्प बस."

बाईंचं बरोबर होतं. माझी कात्री आणि टेप ड्रॉवरमधून काढून घेतली, वाकून नमस्कार केला. त्यांनीही वाकून केला, माझ्यापेक्षा खोल. त्या दिवशी मला वाईट वाटलं, खूप वाटलं, ते मी लपवत नाही. ते दुकान सोडून त्या देशात माझं काही नव्हतं.

दार उघडून मी एक पाय बाहेर टाकला, तेव्हा मागं बाईंचा आवाज आला. लेकीशी बोलत होत्या, दुकानात कामाविषयी बोलतात त्याच कोरड्या आवाजात.

"पुढच्या वेळी कापायचंही तूच. मी शेजारी उभी राहीन."